गुरांच्या दवाखान्यातून कॅन्सरच्या लॅबमध्ये, माझा वाकडातिकडा प्रवास

उंदीरमामी

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर सहज लिहून गेले की मी मूळची गुरांची डॉक्टर आणि आता अमेरिकेत कॅन्सरवर काम करते, तर तीन-चार जणांनी विचारलं की हे कसं काय बुवा जमवलंत. जमवलं वगैरे काही नाही, घडत गेलं. पण लिहिते. लांबेल, कंटाळा आला तर खाली प्रश्नांवर उडी मारा.

सुरुवात एका बैलापासून. बीव्हीएस्सीची इंटर्नशिप, सोलापूरकडचा एक तालुक्याचा दवाखाना, साल २००५. एक मामा खिल्लार बैल घेऊन आले. बैल मान एका अंगाला टाकून उभा, मधूनच डोकं झटकायचा, आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताचा बारीक ओघळ. घरच्यांना वाटलेलं जू लागलं असेल. आमच्या सरांनी काही न बोलता बोटाच्या पेराने आधी चांगल्या शिंगावर टकटक केलं, मग दुखऱ्यावर. एक टणटण वाजलं, दुसरं बद्द. "कॅन्सर आहे शिंगाचा," म्हणाले, जसं काय सर्दी आहे म्हणावं तसं.

मला तोवर पुस्तकातलं एवढंच माहीत की हा आजार मुख्यतः आपल्याकडचा, त्यातही बैलांना जास्त, गाईंना कमी आणि न बडवलेल्या वळूला तर क्वचितच. शिंग आतून पोकळ असतं आणि ती पोकळी कपाळाच्या सायनसला जोडलेली, म्हणून शिंगातलं रक्त नाकातून येतं हे त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. बैल पाडला, शिंगाच्या बुडाशी भूल दिली, कापलं. आतून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं काहीतरी बाहेर आलं, आणि वास असा की कंपाउंडर दोन पावलं मागे. सर म्हणाले फेक ते उकिरड्यावर.

मी त्यातला सुपारीएवढा तुकडा कॉफीच्या रिकाम्या बरणीत फॉर्मॅलिन घालून ठेवला. का ठेवला ते आजही सांगता येणार नाही. कॉलेजला परत गेल्यावर पॅथॉलॉजीच्या मॅडमनी त्याची स्लाइड करून दिली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी-जांभळ्या गर्दीत कांद्याच्या चकतीसारखी एकात एक वर्तुळं दिसली. केराटिनचे मोती म्हणतात त्यांना. मॅडम म्हणाल्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या गालातला तुकडा घेतलास तरी हेच दिसेल, स्क्वेमस सेल कार्सिनोमा, नाव पण तेच. त्या वाक्याने माझं वाटोळं केलं म्हणा किंवा भलं केलं म्हणा.

मग एमव्हीएस्सी परळला, पॅथॉलॉजीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुंबईचं व्हेटर्नरी कॉलेज १८८६ चं आहे, जनावरांचं मोठं हॉस्पिटल त्याच आवारात, आणि तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर टाटा मेमोरियल. मी संध्याकाळी चहाला बाहेर पडले की टाटाच्या फुटपाथवर फाइली उशाला घेऊन झोपलेले लोक दिसायचे, आणि परत आत आले की टेबलावर कुत्र्याच्या स्तनाची गाठ. दोन्हीकडे एकच आजार आणि मधल्या रस्त्यावरून कोणी इकडचं तिकडे जात नाही, हे मला तेव्हा फार विचित्र वाटायचं.

२००८ च्या ऑगस्टमध्ये पीएचडीला इकडे आले, मिडवेस्टात. एक वर्षभर वाटत होतं चूक झाली. त्याबद्दल पुढे लिहीन, आत्ता लॅबमध्ये जायचंय.

अर्धाचहा

मामी भारी लिहिलंय. शिंगाला कॅन्सर होतो हे आज कळलं!! मला वाटायचं शिंग म्हणजे नखासारखं मेलेलं काहीतरी.

उंदीरमामी

@अर्धाचहा, वरचं टरफल नखासारखंच, पण त्याच्या आत जिवंत कातडीचा थर असतो आणि त्याच्याही आत हाड. कॅन्सर त्या मधल्या थरातून उठतो. का उठतो यावर अजून वाद चालू आहेत, ऊन, जुवाचं घासणं, शिंगं साळणं, रंगवणं, बैल बडवल्यामुळे बदललेली हार्मोन्स, सगळ्यांवर संशय आहे.

पारगावकर

मी पशुधन विकास अधिकारी आहे, तालुका सांगत नाही. माझ्याकडे १४ गावं. लंपीच्या वेळी दिवसाला दोन-दोनशे जनावरं टोचलीत. राग मानू नका ताई पण तुमच्यासारखी हुशार पोरं सरकारी कॉलेजात स्वस्तात शिकून तिकडं जातात आणि मग तिकडून बैलाच्या आठवणी लिहितात. इथं शिंगाचा कॅन्सर आजही येतो, आजही उकिरड्यावरच जातो. तुम्ही अमेरिकेत उंदरांना बरं करताय, चांगलंय.

सोनचाफा

पारगावकर जरा कडक झालं हो. कोणी कुठे काम करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न.

खडूसआजोबा

दोघांनाही एक आठवण करून देतो. कमल रणदिवे, जन्म १९१७, पुण्याच्या. मुंबईतच पीएचडी केली, मग बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केलं, हे तेच गाय ज्यांनी हेला पेशी (प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिलेल्या माणसाच्या कॅन्सरपेशी) वाढवल्या. आणि बाई परत आल्या, परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवायची, प्रयोगशाळा उभी केली, उंदरांवर स्तनाच्या कॅन्सरचं काम केलं, १९७३ साली स्त्री शास्त्रज्ञांची संघटना काढली, १९८२ ला पद्मभूषण. म्हणजे जाणं हा गुन्हा नाही आणि परत येणं अशक्यही नाही. बाकी चालू द्या.

उंदीरमामी

@पारगावकर, राग नाही आला, कारण तुम्ही म्हणताय ते खरं आहे. मी सरकारी फीमध्ये शिकले. परत यायचं ठरवूनच आले होते, पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची तात्पुरती नोकरी) झाल्यावर दोन ठिकाणी अर्जही केले होते, एका ठिकाणी मुलाखतीत विचारलं की तुम्ही व्हेट आहात तर आमच्या उंदीरघराचं व्यवस्थापन बघाल का, संशोधन आमचे लोक करतील. दुसऱ्या ठिकाणाहून उत्तरच नाही. त्यानंतर मुलगी शाळेत गेली आणि मग मीच अर्ज करणं सोडलं. याला कारण म्हणा, निमित्त म्हणा.

उंदरांना बरं करण्याबद्दल मात्र बोलते. मी सात वर्षं उंदरांवरच काम केलं, म्हणून तर हे नाव. सी५७ नावाच्या वाणाचे काळे, न्यूड म्हणतात ते बिनकेसांचे, आणि पेशंटच्या गाठीचा तुकडा ज्यांच्या अंगात वाढवलाय असे. उंदीर फार लवकर बरा होतो हीच त्याची अडचण आहे. सगळे एकाच वाणाचे, जुळ्या भावंडांसारखे, स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेले, गाठ आपण सुईने घातलेली. औषध दिलं, गाठ विरघळली, पेपर छापला, आणि तेच औषध माणसात फुस्स.

आता कुत्रा बघा. माणसाच्या घरात राहतो, आपल्याच हवेत श्वास घेतो, म्हातारा होतो, आणि गाठ त्याची त्याला आपोआप होते, प्रतिकारशक्ती शाबूत असताना. ग्रेट डेन, रॉटवायलर असल्या थोराड कुत्र्यांना पायाच्या लांब हाडात जो ऑस्टिओसार्कोमा होतो तो आणि वयात येणाऱ्या मुलांना होतो तो, स्लाइडवर शेजारी ठेवले तर मला आजही पटकन ओळखता येत नाहीत. दोन्हीकडे फुप्फुसात पसरतो. मुलांचा पाय न कापता फक्त रोगट हाड काढून पाय वाचवायची जी शस्त्रक्रिया आहे, तिचं बरंच तंत्र कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात कुत्र्यांवर घासूनपुसून तयार झालं. आणि ही कुत्री प्रयोगासाठी पाळलेली नव्हती, पेशंट होती, मालक घेऊन आलेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने २००३ पासून यासाठी वेगळा कार्यक्रमच काढला, वेगवेगळ्या व्हेटर्नरी कॉलेजांत एकच ट्रायल चालते, मालकाची लेखी संमती घेऊन. मी आता त्या प्रकारच्या कामात आहे. उंदीर सुटले, नाव चिकटलं.

डॉ_भटका

मी माणसांचा डॉक्टर (ऑर्थो). आमच्या शिक्षणात हे कोणी सांगितलं नाही हे कबूल करतो. मामी, कॅन्सर संशोधनात व्हेट लोकांचं योगदान जरा सविस्तर लिहा ना.

उंदीरमामी

लिहिते, हा माझा आवडता विषय आहे, थांबवावं लागेल.

१८७६ मध्ये नोविन्स्की नावाच्या रशियन व्हेटने एका कुत्र्याची गाठ दुसऱ्या कुत्र्यात लावून दाखवली. गाठीचं यशस्वी रोपण म्हणून पहिलं नाव त्याचंच घेतात. ती गाठ कुठली, तर आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना लिंगावर किंवा योनीत लालभडक, ठिबकणारी होते ना तीच, आम्ही टीव्हीटी म्हणतो. परळला मी रोज बघायचे. गंमत अशी की ती त्या कुत्र्याची नसतेच. हजारो वर्षांपूर्वी कुठल्यातरी एका कुत्र्याला झालेल्या कॅन्सरच्या पेशी समागमातून एकाकडून दुसऱ्याकडे जात जात आज जगभर जिवंत आहेत. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं, या गाठीच्या पेशीत साठाच्या आसपास, मुंबईच्या कुत्र्यात बघा नाहीतर ब्राझीलच्या. तो मूळ कुत्रा कधीच मेला, त्याचा कॅन्सर अजून फिरतोय. आणि आठवड्याला एक व्हिंक्रिस्टिनचं इंजेक्शन अशी चार-सहा दिली की बहुतेक वेळा साफ! मी पहिल्यांदा कॅन्सर बरा होताना बघितला तो असा, परळच्या एका भटक्या कुत्रीत. आम्ही तिला पुष्पा म्हणायचो.

मग कोंबड्या. १९११ मध्ये पेटन राउस (हे मात्र माणसांचे डॉक्टर) यांनी दाखवलं की कोंबडीच्या गाठीचा गाळलेला, पेशी नसलेला रस दुसऱ्या कोंबडीला टोचला तरी गाठ होते, म्हणजे विषाणू. कोणी फारसं मनावर घेतलं नाही, नोबेल मिळालं १९६६ ला, पंचावन्न वर्षांनी. त्याच विषाणूतलं कॅन्सर करणारं जनुक मुळात कोंबडीच्याच साध्या पेशीतून उचललेलं आहे हे बिशप आणि वार्मस यांनी दाखवलं, त्यांना १९८९ चं नोबेल. ऑन्कोजीन शब्द ऐकला असेल, तो सगळा डोलारा या कोंबडीवर उभा आहे.

आणि कॅन्सरवर लस म्हटलं की सगळे गर्भाशयाच्या मुखाची लस सांगतात. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७० च्या सुमारास, मरेक्सची लस आली. कोंबड्यांचा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, विषाणूने होणारा. आज हॅचरीतून निघणाऱ्या पिल्लाला पहिल्याच दिवशी मानेत टोचतात ती. म्हणजे कॅन्सरची लस जगात पहिल्यांदा कोंबडीला मिळाली. @पारगावकर, तुमच्या चौदा गावांतल्या पोल्ट्रीवाल्यांना सांगा, खूश होतील.

मांजरीचा ल्युकेमियाचा विषाणू १९६४ मध्ये ग्लासगोच्या विल्यम जॅरेट यांनी शोधला, व्हेट. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी शत्रू ओळखतात कशा, ज्याच्यावर आजची इम्युनोथेरपी चालते, त्याचं १९९६ चं नोबेल वाटून घेणारे पीटर डोहर्टी, तेही व्हेट. आता थांबते.

बीव्हीएस्सी_तिसरंवर्ष

मॅडम नमस्कार, मी थर्ड इयरला आहे. मला पण रिसर्चमध्ये यायचंय पण घरचे म्हणतात एमपीएससी दे. सिनियर म्हणतात बाहेर जाऊन परत लायसन्सची परीक्षा द्यावी लागते, खर्च खूप येतो. नक्की रस्ता काय आहे प्लीज सांगा. आणि उंदरांवर काम करायला भीती वाटत नाही का?

उंदीरमामी

अरे मॅडम नको, मामी म्हण.

दोन रस्ते वेगळे आहेत ते आधी डोक्यात वेगळे ठेव. तुला अमेरिकेत जनावरांवर उपचार करायचे असतील, म्हणजे प्रिस्क्रिप्शन लिहायचं असेल, तर आपल्या डिग्रीवर चालत नाही, इसीएफव्हीजी किंवा पेव्ह यातला एक कार्यक्रम आणि वर नॅव्हले ही परीक्षा, त्यात पैसे आणि वर्षं दोन्ही जातात, सिनियर खरं बोलतात. पण पीएचडीला यातलं काहीच लागत नाही. मी आजही इथे शेजाऱ्याच्या मांजराला कायद्याने जंताची गोळी लिहून देऊ शकत नाही. तिसरा मधला रस्ता पॅथॉलॉजीचा, तीन वर्षांची रेसिडेन्सी आणि मग तज्ज्ञ म्हणून मान्यता देणारी बोर्डाची परीक्षा, बाहेरचे व्हेटही देऊ शकतात, अवघड आहे पण तसा माणूस कॅन्सर लॅबला हवाच असतो, कारण उंदराची स्लाइड वाचता येणारे लोक कमी आणि उंदीर भरपूर.

पीएचडीला फी माफ आणि वर स्टायपेंड असंच घे, स्वतःच्या पैशाने पीएचडी करायला कोणी सांगितलं तर फोन ठेव. प्रोफेसरांना शंभर जणांना एकच ईमेल पाठवू नकोस, दहा जणांना पाठव पण त्यांचा पेपर वाचून. आणि आत्तापासून संख्याशास्त्र आणि आर ही आकडेमोडीची संगणकभाषा शीक, मी नाही शिकले, पहिल्या सेमिस्टरला बाथरूममध्ये जाऊन रडले आहे. पोस्टडॉकला पैसे किती तर एनआयएच या इथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या प्रमाणात २०२४ ला पहिल्या वर्षाचे ६१,००८ डॉलर, रुपयात गुणाकार करून आईला सांगू नकोस, घरभाड्यात जातात. व्हिसावर असताना एनआयएचची साधी पोस्टडॉक फेलोशिप मिळत नाही, ती नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना, पण के९९ नावाचं अनुदान परदेशी माणसालाही मागता येतं, हे मला चौथ्या वर्षी कळलं. व्हिसाचे नियम सध्या इतके हलतायत की माझ्या अनुभवावर जाऊ नकोस. एमपीएससीचा फॉर्म भरून ठेव, त्यात कमीपणा नाही.

भीती उंदराची नाही वाटली. दुसरं काहीतरी वाटलं, ते सोनचाफांना लिहिते कारण मला माहितीये त्या विचारणार आहेत.

सोनचाफा

विचारणारच होते :) जनावरांना वाचवायला शिकलेल्या माणसाने मुद्दाम निरोगी जीवाला कॅन्सर द्यायचा, कसं जमतं?

उंदीरमामी

पहिल्या दिवशी नाही जमलं. उंदराच्या शेपटीच्या कडेला बारीक शीर असते, ती फुगावी म्हणून शेपूट कोमट पाण्यात धरायची आणि सुई जवळजवळ आडवी सरकवायची. माझा हात चांगला होता, बैलाच्या मानेची शीर काय नि ही काय. पहिल्याच प्रयत्नात गेली आणि लॅबमधले सगळे वा वा म्हणाले. आणि माझ्या लक्षात आलं की आत्तापर्यंत या हाताने मी औषध दिलंय, आज कॅन्सरच्या पेशी दिल्या. त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी परत गेले, खोटं कशाला बोलू.

मग आठवड्यातून तीनदा कॅलिपरने गाठ मोजायची, लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन. ठरलेल्या मापाच्या वर गेली किंवा उंदीर पाठ कुबड काढून कोपऱ्यात बसला, अंगावरचे केस विस्कटले, की त्याला तिथेच शांतपणे संपवायचं, प्रयोगाचे आकडे अपुरे राहिले तरी. यावर एका वरिष्ठांशी माझं जोरात भांडण झालं होतं, त्यांना अजून चार दिवस हवे होते. मी व्हेट होते म्हणून मला त्या उंदराच्या तोंडावरचं दुखणं दिसत होतं, त्यांना ग्राफ दिसत होता. उंदीर मी त्याच दिवशी संपवला. पेपरवर माझं नाव तिसरं गेलं.

काही बदलतंय. २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत कायदा झाला की नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचण्या सक्तीच्या नाहीत, दुसऱ्या पद्धतीने सिद्ध करता आलं तर चालेल. प्लेटमध्ये वाढवलेल्या छोट्या छोट्या गाठींवर बरंच काम होतं आता. सगळं त्याने भागेल असं मला वाटत नाही, प्लेटला ताप येत नाही, उलटी होत नाही.

रानवारा

विषय सोडून विचारतोय, आमच्या लॅब्रॅडॉरला लिम्फोमा निघालाय, ९ वर्षांचा आहे. डॉक्टर किमो म्हणतायत. घरात दोन तट पडलेत. द्यावी का?

उंदीरमामी

@रानवारा, वाईट वाटलं. द्यावी का ते तुमच्या डॉक्टरांशीच ठरवा, मी न बघता सांगणं बरोबर नाही. फक्त एवढं सांगते की कुत्र्याची किमो डोळ्यांसमोर माणसाची आणून ठरवू नका. औषधं बरीचशी तीच आहेत पण डोस असा ठेवतात की त्याचे दिवस चांगले जावेत, मुळापासून बरं करायचा अट्टहास नसतो. लॅब्रॅडॉरचे केस सहसा गळत नाहीत, मिशा जातात कधीकधी. प्रतिसाद चांगला असेल तर साधारण वर्षभराची आशा धरतात. डॉक्टरांना विचारा की बी पेशींचा आहे की टी पेशींचा, त्यावर पुष्कळ अवलंबून असतं.

रानवारा

धन्यवाद. हे बी-टी कोणी सांगितलंच नव्हतं. उद्या विचारतो.

अर्धाचहा

मामी ते पहिलं वर्ष चुकलं वाटत होतं ते राहिलं की.

उंदीरमामी

राहू दे की, काय सांगायचं त्यात. बर्फ, एकटेपणा, सगळे लिहितात तेच. माझं वेगळं एवढंच की मला जनावरांचा आवाज नसलेल्या इमारतीची सवय नव्हती. उंदीर ओरडत नाहीत, निदान आपल्याला ऐकू येईल असं नाही. एका रविवारी बस पकडून युनिव्हर्सिटीच्या गोठ्यात गेले आणि होल्स्टीन गाईंच्या दावणीपाशी तासभर नुसती उभी राहिले, तिथल्या मुलाला वाटलं मी हरवलेय. शेणाचा वास मात्र तोच होता. बाबांच्या बायपासच्या वेळी जाता आलं नाही, व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं असतं. तो विषय नको.

पारगावकर

ताई काल जास्त बोललो. पोल्ट्रीवाल्याला मरेक्सचं सांगितलं, तो म्हणतो मग आमच्या कोंबड्या आमच्यापेक्षा भाग्यवान.

एक विचारायचं होतं. सोमवारी एक शिंग काढायचंय, बैल सात-आठ वर्षांचा, शिंग वाकलंय आणि बद्द वाजतंय. तुकडा ठेवला तर कामाचा होईल का कोणाच्या? कसा ठेवायचा?

उंदीरमामी

होईल, नक्की होईल. कुजलेला मधला भाग घेऊ नका, गाठ आणि चांगली कातडी जिथे मिळते त्या कडेचा घ्या. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचत नाही आणि मधून सडतो. दहा टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या निदान दहापट. रुंद तोंडाची बरणी घ्या, घट्ट झालेला तुकडा अरुंद तोंडातून निघत नाही, मी कॉफीची बरणी फोडली होती शेवटी. बैलाचं वय, जात, कधी बडवला, कुठलं शिंग हे पेन्सिलीने कागदावर लिहून आत टाका, पेनची शाई जाते. जवळच्या कॉलेजच्या पॅथॉलॉजीला पोचवा, आणि स्लाइड झाली की फोटो मला पाठवा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

पारगावकर

बरणी आहे. फॉर्मॅलिन दवाखान्यात नाही, मागणी मार्चपासून गेलेली आहे. शाळेच्या सायन्स लॅबमधून मागून आणतो.